झाकणावरचे पाणी

एका वैद्याकडे एकदा एक अशी शिष्या आली, जिला वैद्यकी शिकायचीच नव्हती. तिला फक्त एक शब्द परत हवा होता.

ही गोष्ट मी व्याख्यानांत पुष्कळदा सांगितली आहे, आणि दर वेळी कुणीतरी उठून विचारते, की यातला शिष्य गुरूच्या पाया कधी पडतो. पडत नाही. त्या नेहमीच्या शिष्यांचा मला मनापासून कंटाळा आहे. गुरूने तोंड उघडायचा अवकाश, की त्यांचे डोळे भरून येतात आणि जन्माचे कोडे चुटकीसरशी सुटते. ही बाई तशी नव्हती. तिने गुरूशी वाद घातला, त्यांचे यंत्र बिघडवले, आणि त्यांचे म्हणणे अर्धेच पटवून घेतले. त्या अर्ध्यावर तिने जे केले, ते पाया पडणाऱ्या शंभर शिष्यांना जमले नसते.

वैद्यांचे वय ऐंशीच्या घरात. नदीकाठी त्यांची औषधशाळा होती आणि मागच्या बाजूला परगावच्या रोग्यांसाठी ओळीने खोल्या होत्या. लोक त्यांना वैद्यबाबा म्हणत. औषध देताना ते जेवढे सढळ, तेवढेच आश्वासन देताना कंजूष. "बरं वाटेल का?" असे कुणी विचारले, तर म्हणायचे, "औषध घेऊन बघू. वाटलं तर तुम्ही मला सांगा."

त्या बाईचे यजमान भुजंगशेठ हे गुळाच्या पेठेतले मोठे व्यापारी. पेठेत सकाळी गुळाचे सौदे निघत तेव्हा त्यांचा आवाज पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. ढेपेला नुसते नख लावून ते गुळाची जात सांगत, आणि ती अशा आवाजात सांगत की ज्याचा गूळ खराब त्याला पेठेत तोंड दाखवायला जागा उरत नसे. असाच एकदा सौदा चालू असताना त्यांचे वाक्य मध्येच तुटले. उजवा हात खाली लोंबला आणि ते पोत्यांवर कलंडले. जीव वाचला. पुढे हात थोडा हलू लागला, पाय काठीच्या आधाराने चालू लागला. वाचा मात्र गेली ती गेलीच. बोललेले सगळे त्यांना कळे. डोळ्यांवरून ते स्पष्ट दिसे. आतून शब्द निघत असावा, पण ओठांपाशी येऊन तो हरवे, आणि मग शेठचे डोळे लहान मुलासारखे भांबावत.

आता त्या बाईविषयी सांगतो. पेठेत ती सगळ्यांची काकी होती, दिरांची वहिनी, मुलांची आई. नवऱ्याची ती 'अगं' होती. त्या काळी चांगल्या घरचा नवरा बायकोला नावाने हाक मारत नसे आणि बायको नवऱ्याचे नाव उखाण्याबाहेर घेत नसे. लग्नात भुजंगशेठनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने तिचे नवे नाव लिहिले होते, सत्यभामा. सगळ्यांनी वाकून वाकून ते वाचले, पेढे वाटले, आणि ते तांदूळ शिजून पंगतीत वाढले गेले. त्यानंतर ते नाव कुणी घेतल्याचे तिला आठवत नव्हते. तिचे त्यावाचून काही अडलेही नव्हते. शेठचे 'अगं' तीन गल्ल्यांपलीकडे ऐकू जायचे, आणि ती पलीकडून "आले" म्हणायची. यातच तिचा सगळा संसार झाला. तो एक शब्द थांबला आणि एवढे मोठे घर तिला मुके वाटू लागले.

म्हणून ती यजमानांना घेऊन वैद्यबाबांकडे आली. नाडी बघून झाल्यावर बाबा म्हणाले, "हातापायाला तेल देईन, पोटात औषध देईन. पण मुली, वाचेला माझ्याकडे काढा नाही. शब्द माणसाकडून माणसाकडे जातो. तो ह्यांच्यापर्यंत तू न्यायचा. कसा, ते मी तुला शिकवीन. आजपासून तू माझी शिष्या."

"मला नका काही शिकवू," ती म्हणाली. "मला ह्यांनी एकदा 'अगं' म्हटलेलं ऐकायचंय. मग मी घरी जाते."

"बरं. तेच शिकवतो."

बाबांनी तिला रीत दाखवली. आधी तळहातावर फुंकर घालायला लावायची. मग ओठ मिटायचे, उघडायचे. मग तिच्या गळ्यावर त्यांची बोटे ठेवून आवाजाची थरथर त्यांना जाणवू द्यायची, आणि तशीच त्यांच्या गळ्यात शोधायची. काकी हे सगळे करी, पण दर वेळी शेवट एकाच ठिकाणी होई. ती समोर बसून म्हणे, "म्हणा, अगं." शेठ तोंड उघडत. घसा हले. हवा बाहेर येई. "अगं म्हणा." पुन्हा हवा. शेजारच्या खोल्यांतल्या रोग्यांनाही तो शब्द इतका पाठ झाला, की एक म्हातारा झोपेत तो बडबडू लागला.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला, नदीवर सकाळचे धुके पडू लागले. शब्द आला नाही. काकीचा धीर मात्र सुटत चालला, आणि धीर सुटला की माणसाचा आवाज चढतो. ती दिवसातून चार वेळा बसू लागली. जेवण समोर ठेवून म्हणू लागली, "आधी अगं म्हणा, मग घास." एकदा तिने त्यांची हनुवटी धरून हलवली. त्या दिवशी भुजंगशेठ, ज्यांच्या आवाजाला पेठ घाबरायची, ते भिंतीकडे तोंड करून रडले. रडण्यालासुद्धा आवाज नव्हता.

ती बाहेर येऊन पायरीवर बसली आणि तिने ठरवले की आता पुरे. पेठेकडे निघालेल्या एका ओळखीच्या माणसाजवळ तिने मुलाला निरोप दिला, की गाडी घेऊन ये, आम्ही घरी येतो.

घरी गेल्यावर काय होणार, हे तिला पक्के माहीत होते. मुलाने, मोरेश्वरने, माडीवरची खोली झाडून ठेवली होती. शेठना तिथे नेतील. जेवण वेळेवर जाईल, औषध जाईल, अंथरूण स्वच्छ असेल. फक्त त्यांच्याशी कुणी बोलणार नाही. जो उत्तर देत नाही त्याच्याशी माणसे किती दिवस बोलतील? आणि पंचवीस माणसांच्या त्या घरात तिला स्वतःला त्यांच्यासमोर बसायला सवड मिळणार नव्हती. माडीवर अडगळीत ठेवलेल्या पितळी भांड्यासारखे ते तिथे राहणार, हे ठाऊक असूनही ती निघाली होती, यावरून ती किती थकली होती ते समजावे.

"बाबा, मी चालले," तिने सांगितले. "माझ्याकडून झालं तेवढं केलं. काडीचा फरक नाही."

बाबा ओवा पाखडत होते. त्यांनी तिला थांब म्हटले नाही की जा म्हटले नाही. "गाडी यायला अवकाश आहे ना?" ते म्हणाले. "मग तेवढ्यात एक काम कर. ओव्याचा अर्क काढून दे."

अर्कयंत्र परसात होते. खाली चूल, चुलीवर तांब्याचे मोठे भांडे, त्यात पाणी आणि ओवा. भांड्यावर खोलगट झाकण, आणि त्या खोलगट भागात वरून गार पाणी भरलेले. आतली वाफ झाकणाच्या गार पाठीला लागते, तिचे थेंब होतात, आणि ते आतल्या पन्हळीतून नळीवाटे बाहेर बाटलीत पडतात. तोच अर्क. वाफ निसटू नये म्हणून सांधे कणकेने लिंपलेले. झाकणाच्या कडेला एक भोक होते. एरवी त्याला बूच असे. त्या दिवशी बाबांनी बुचातून पाऱ्याची लांब काचेची नळी आत सोडली.

"पारा शंभराच्या रेषेला टेकला की मला सांग," ते म्हणाले. "मग तो रेषा ओलांडून वर गेला की पुन्हा सांग. आणि झाकणावरचं पाणी बदलत राहा."

एवढे सांगून ते आपल्या कामाला लागले. ओसरीवर खाटेवर भुजंगशेठ बसले होते. तेही बघत होते.

काकीने चूल पेटवली. पारा चढू लागला. तो चढताना बघून तिला बरे वाटले, कारण पुष्कळ महिन्यांत तिच्या हातून काही पुढे सरकलेले तिने पाहिले नव्हते. आत खदखद सुरू झाली. पारा शंभरापाशी आला. "टेकला!" ती ओरडली. बाबांनी मान हलवली.

मग पारा थांबला.

तिने एक लाकूड आत सारले. पारा तिथेच. फुंकणीने जाळ फुलवला. पारा तिथेच. चूल रसरसत होती, तिच्या कपाळावरून घाम गळत होता, आणि काचेच्या नळीतली ती रेघ मरून पडल्यासारखी जागची हलत नव्हती. आधी तिला नळी बिघडली असे वाटले. मग, मला वाटते, तिला नळीत दुसरेच काही दिसू लागले असावे. तिचे ओठ घट्ट मिटले. कोपऱ्यात नारळाच्या करवंट्यांचा ढीग होता, तो तिने ओंजळी भरभरून चुलीत लोटला. "चढ," ती म्हणाली. "चढ की मेल्या!"

जाळ भांड्याच्या गळ्यापर्यंत आला. आतला ओवा फेसासकट उसळला, पन्हळीत शिरला आणि स्वच्छ अर्काच्या बाटलीत गढूळ पाणी पडू लागले. एका बाजूची कणीक फाटली. तिथून वाफेचा फवारा सुटला आणि तिच्या मनगटाला चाटून गेला. ती किंचाळली. खाटेवर शेठ अर्धवट उठले आणि काठी चाचपू लागले.

पारा शंभरावरच होता.

बाबा आले. त्यांनी चुलीतून करवंट्या ओढून काढल्या, मनगटावर भरपूर पाणी ओतले, कोरफडीचा गर लावला, कणीक नव्याने लिंपली. रागावले नाहीत. म्हणाले, "झाकणावरचं पाणी बदललंस का?"

"पाणी कसलं बदलायचं!" ती उसळली. "इतकी लाकडं जाळली. सगळी राख. तुमचा पारा हलत नाही आणि तुम्हाला वरच्या पाण्याचं पडलंय!"

"हात घालून बघ."

तिने झाकणावरच्या पाण्यात न भाजलेला हात घातला आणि चटकन मागे घेतला. पाणी कढत होते.

ते पाणी तिने स्वतः नदीवरून आणले होते. धुक्यातल्या नदीचे, बोटे बधिर करणारे. चूल खाली होती, मध्ये एवढे मोठे भांडे होते, आणि जाळाचा स्पर्श वरपर्यंत पोचत नव्हता. तिने झाकणाकडे पाहिले, चुलीकडे पाहिले. "हे कुणी तापवलं?" तिने विचारले.

"तूच," बाबा म्हणाले आणि तिच्याशेजारी चुलीपाशी बसले. त्यांनी पुढे जे सांगितले, ते फार लांब नव्हते.

"पाणी म्हणजे असंख्य सूक्ष्म कण. जत्रेच्या गर्दीत माणसं एकमेकांचे हात धरून सरकत असतात, तसे ते एकमेकांना धरून असतात. खाली चूल पेटली की त्यांची धावपळ वाढते. पारा ती धावपळ दाखवतो, म्हणून तो चढतो. पण उकळी आली की अग्नीचं काम बदलतं. आता तो कणांना आणखी पळवत नाही. तो त्यांचे धरलेले हात सोडवतो. हे फार बळाचं काम आहे, मुली. पाणी उकळीपर्यंत आणायला लागली त्याच्या पाच-सहापट ऊब त्याची वाफ करायला लागते. आणि ती सारी ऊब जात असताना पारा जागचा हलत नाही, कारण पारा धावपळ मोजतो. सुटणारे हात त्याला दिसत नाहीत."

"मग ती ऊब गेली कुठे?"

"वाफेबरोबर. वाफ वर येऊन झाकणाच्या गार पाठीला टेकली. तिथे त्या कणांनी पुन्हा एकमेकांचे हात धरले आणि पाणी झाले. धरताना, सोडवायला जेवढी ऊब लागली होती, तेवढी त्यांनी परत देऊन टाकली. थोडी भांड्याला गेली असेल, थोडी वाऱ्याला. बाकीची तुझ्या हाताला लागली. तू पाऱ्याकडे बघत बसलीस. तुझी लाकडं वर येऊन पोचली होती."

बाबा मनगटावरची कोरफड सारखी करत म्हणाले, "तरुणपणी मी वनस्पतींसाठी हिमालयात गेलो होतो. तिथं पातेल्यात बर्फ घालून चुलीवर ठेवलं. बर्फ वितळू लागलं, मी ढवळत राहिलो. बोट घातलं तर पाणी बर्फाइतकंच गार. जाळ चांगला, पण पाणी तापेना. मी चिडून चूल विझवायला निघालो, तर बरोबरच्या वाटाड्यानं माझा हात धरला. शेवटचा खडा वितळेपर्यंत हे तापणार नाही, म्हणाला. तिथंही तेच चाललेलं. बर्फात कण एकमेकांना जखडून बसलेले असतात. अग्नी आधी ती जखड सोडवतो. कण तेच असतात बघ, बर्फात, पाण्यात आणि वाफेत. त्यांची पकड तेवढी बदलते."

एखादी दुसरी शिष्या इथे पाया पडली असती. काकीने पदराने नाक पुसले आणि म्हणाली, "बाबा, पाण्याचं ठरलेलं आहे. शंभराला उकळणार, मग वाफ होणार. तुम्हाला माहीत आहे म्हणून तुम्ही शांत बसलात. ह्यांचं शंभर कुठे आहे, ते सांगा. आहे तरी का?"

हा प्रश्न मला या गोष्टीतला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. आणि वैद्यबाबाही त्याच्यापुढे खोटे बोलले नाहीत.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "माणसाच्या अंगात मला पाऱ्याची नळी घालता येत नाही. शब्द येईल असं वचन मी तुला पहिल्या दिवशी दिलं नाही आणि आजही देत नाही. पण पारा थांबला म्हणजे अग्नी वाया गेला, असं म्हणू नकोस. ते खरं नाही, एवढं तुझ्या हातानं आत्ताच पाहिलं. आणि दुसरं. तू जाळ दुप्पट केलास तेव्हा पारा चढला नाही, फेस चढला. हात चुलीवर भाजला तसा खोलीतही कुणीतरी भाजतोय."

ती वळून ओसरीकडे बघू लागली. शेठ काठी धरून अजून अर्धवट उभेच होते. तिच्या मनगटाकडे बघत होते.

ती उठली. झाकणावरचे कढत पाणी काढून टाकले, गार पाणी भरले, चुलीत एकच लाकूड ठेवले आणि अर्क पुरा होईपर्यंत तिथून हलली नाही. मग तिने मुलाला दुसरा निरोप पाठवला, की गाडी आणू नकोस.

त्या दिवसापासून तिने शिकवणे पुन्हा सुरू केले. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. तेवढेच, पण कधी चुकवले नाही. अंगात ताप असला तरी नाही, पाहुणे आले तरी नाही. "म्हणा, अगं," ती म्हणे. शेठ तोंड उघडत, हवा येई. "बरं," ती म्हणे आणि त्यांच्या पाठीवर हात फिरवून उठे. घास अडवून ठेवणे बंद झाले. रागावणेही जवळजवळ बंद झाले. पूर्ण बंद झाले असे म्हणालो तर ती मला स्वप्नात येऊन जाब विचारेल.

उरलेल्या वेळात ती बाबांचा अर्क काढी आणि शेठशी बोले. त्यांच्याकडून काही म्हणवून घेण्यासाठी नव्हे, सहज. बडीशेप कुठून आली, लाकूड ओले कसे निघाले, नदीला पाणी किती आहे. आणि तिची नजर हळूहळू पाऱ्यावरून झाकणावर जाऊ लागली. शब्द आला का, हे बघणे सोडून ती दुसरीकडे हात लावून बघू लागली. तिचे वाक्य संपण्याआधी त्यांचे ओठ मिटतात, हे तिला दिसले. बोलताना ती पाठमोरी झाली, तर ते काठी आपटून तिला वळायला लावतात, हे दिसले. एकदा कुणी रोग्याने गुळाचा खडा दिला. शेठनी त्याला नख लावले, हुंगला, आणि असे तोंड वाकडे करून तो परत केला, की देणारा ओशाळला. काकी पदर तोंडाला लावून हसत सुटली. पेठेतले भुजंगशेठ आतमध्ये शाबूत बसले होते. फक्त दार उघडत नव्हते.

गुढीपाडवा जवळ आला, आणि निरोपाची वाट न बघता मोरेश्वर गाडी घेऊन हजर झाला.

मुलगा वाईट नव्हता. वडिलांच्या पाया पडला, त्यांच्या गुडघ्यांवर हात ठेवून थोडा वेळ बसला, आणि मग काय बोलावे ते न सुचून परसात आईकडे आला. ती चुलीपाशी होती. नळीतून अर्क टपटपत होता.

"आई, सामान बांध," तो म्हणाला. "पाडव्याला मी पेढीच्या गादीवर बसणार. त्या दिवशी बाबा घरात पाहिजेत."

"घरात की माडीवर?"

"आई, तू असं बोलू नकोस. लोक मला विचारतात, तुझी आई परक्या गावात चूल फुंकत का बसली आहे म्हणून. मी काय सांगू?"

"सांग, चूल फुंकते आहे म्हणून."

"किती दिवस?"

"ते मला माहीत नाही." तिने चुलीतले लाकूड जरा मागे ओढले. "तू गादीवर बस. माझा आशीर्वाद आहे. पण हे इथून हलणार नाहीत, आणि मी पण नाही. तिथं ह्यांच्याशी कोण बोलणार आहे, सांग. तू बोलशील?"

मोरेश्वरचा आवाज चढला, आणि चढलेल्या आवाजात तो हुबेहूब बापासारखा वाटला. "बाबा आता बोलणार नाहीत, आई! सगळ्यांना कळलंय. तुलाही कळलंय. एकदा मान्य कर आणि मोकळी हो!"

ती त्याच्याकडे वळून उभी राहिली. चुलीकडे आता तिची पाठ होती. मनगटावरचा जुना डाग दुसऱ्या हाताने चोळत ती म्हणाली, "बोलतील असं मी म्हणत नाही. मी विझवणार नाही, एवढंच म्हणते. ह्यांना उत्तर देता येत नाही म्हणून मी विचारायचं सोडू? मरेपर्यंत सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा विचारीन. तू रिकामी गाडी घेऊन जा."

दोघांचे आवाज इतके वाढले होते, की वैद्यबाबाही दारात येऊन उभे राहिले. या भांडणात झाकणावरचे पाणी बदलायचे राहून गेले. ते तापले, कढले, आणि त्यातून वाफा निघू लागल्या. नळीतून येणारा अर्क थेंबाऐवजी पांढऱ्या धुरासारखा हवेत निघून जाऊ लागला. परसात ओव्याचा उग्र वास पसरला. तिघांपैकी कुणाचेच तिकडे लक्ष नव्हते.

"भा... मा!"

आवाज घोगरा होता, गंज चढलेल्या कडीसारखा. मोरेश्वर दचकला. त्याने आधी वैद्यबाबांकडे पाहिले, मग ओसरीकडे. भुजंगशेठ काठीवर भार देऊन खांबाला टेकून उभे होते. मान ताठ, कपाळाची शीर फुगलेली. डावा हात लांब करून ते झाकणाकडे बोट दाखवत होते.

"भामा!" ते पुन्हा म्हणाले. या खेपेला शब्द सलग आला, आणि त्यात पेठेतला जुना दरारा होता. पाणी बदलायला विसरलास, असे एखाद्या नोकराला सुनवावे तसा.

"कुणाला हाक मारतायत बाबा?" मोरेश्वरने गोंधळून विचारले. "भामा कोण?"

त्याचा तरी काय दोष? जन्मात त्याने ते नाव ऐकले नव्हते. ती ज्या शब्दासाठी एवढे दिवस झटली, तो हा शब्द नव्हताच. हा तिने त्यांना एकदाही शिकवला नव्हता. सत्यभामा म्हणून तो त्यांनी अंगठीने तांदळांवर लिहिला होता, आणि रूढीला धरून, सगळ्या संसारात एकदाही ओठांवर येऊ दिला नव्हता. तिने जाळ खालून घातला आणि ऊब भलतीकडेच वर आली.

"मला," ती म्हणाली. "मला हाक मारतायत." आणि मग, तीन गल्ल्यांपलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात, "आले!"

पण ती आधी ओसरीकडे गेली नाही. तिने झाकणावरचे कढत पाणी काढले, कळशीतले गार पाणी ओतले, नळीतून पुन्हा थेंब पडू लागला तो नीट बघितला. मग चुलीपाशी खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. वैद्यबाबांनी वाकून चुलीत एक लाकूड सारले. बोलायचे ते त्यांचे आधीच बोलून झाले होते.

मोरेश्वर रिकामी गाडी घेऊन परतला. पाडव्याला गादीवर बसला. पुढे तो दर महिन्याला येई आणि वडिलांशेजारी बसून पेठेच्या गोष्टी सांगे. सुरुवातीला त्याला ते अवघड गेले, नंतर जमू लागले.

भुजंगशेठना सगळी वाचा परत आली, असे सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. सौदा त्यांनी पुन्हा कधी पुकारला नाही. पुढे पाणी, नको, मोरू असे काही शब्द आले, काही आलेच नाहीत. ती सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा समोर बसत राहिली, आणि काही वर्षांनी दोघे घरी गेले तेव्हा माडीवर न जाता ओटीवर राहिले. नवरा चारचौघांत बायकोला नावाने हाक मारतो, म्हणून गल्लीत आधी बरीच कुजबुज झाली. 'अगं' मात्र ते पुन्हा कधी म्हणाले नाहीत, आणि तिनेही तो शब्द परत मागितला नाही.